कोरडी फेरी

ताईने गाडी अंगणात आणली त्या दुपारी मी खिडकीपाशी बसून चष्मा पुसत होतो. आधी खोलीतला उजेड गेला, मग कपाटाच्या काचा किणकिणल्या. चष्मा लावून पाहिलं तर खिडकीला लागून एक पांढरी भिंत उभी होती. भिंतीला पडदा लावलेली छोटी खिडकी होती आणि खाली चाकं होती.

"पुस्तक्या, बाहेर ये," भिंतीपलीकडून ताईचा आवाज आला. "तुला नवी खोली आणलीय."

पुस्तक्या म्हणजे मी. केस गेले, छापखान्यातून निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, पण घरात माझं नाव तेच राहिलं. ताई माझी थोरली बहीण. तिने आयुष्यभर डोंगरातल्या बस चालवल्या आणि मी आयुष्यभर मुद्रितं तपासली. तिचे यजमान गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली असं ती लोकांना सांगते. खरं म्हणजे मी तिच्याकडे राहतो. घर माझ्या नावावर आहे, एवढंच.

गाडी म्हणजे जुनं मोटारहोम होतं. पुढे दोन सीट, मागे आडवा पलंग, मध्ये हातभर ओटा, बेसिन, आणि वळणावर उघडू नयेत म्हणून खिटी लावलेली कपाटं. ताईच्या सीटच्या मागे, घडीच्या टेबलापाशी, प्रवाशासाठी आणखी एक सीट होती. गाडी घेताना विकणाऱ्याने सांगितलं होतं की कोणत्याही सीटवर वजन आलं आणि बेल्ट लावलेला नसला तर समोर लाल दिवा लागतो. पहिल्याच दिवशी मी मागच्या सीटवर पुस्तकांचं खोकं ठेवलं आणि दिवा लागला.

"बघ," ताई म्हणाली, "तुझी पुस्तकंसुद्धा बेल्टशिवाय येऊ शकत नाहीत."

मी खोकं उचलून पलंगाखाली सरकवलं. त्यानंतर त्या सीटवर आम्ही काही ठेवलं नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण तिथे काही राहिलं होतं का, असं नंतर मीच स्वतःला अनेकदा विचारलं.

मग मिस्त्री आले. त्यांचं ताईशी आगारापासूनचं भांडण-प्रेम. तिने त्यांच्याकडून भंगारातल्या एका बसचा दांडा मागवला होता. जागेवरून न उठता बाजूचं दार उघडता येतं, तो लांब लोखंडी दांडा.

"ताई, ही काय बस आहे?" मिस्त्री गाडीखालून म्हणाले. "कोण चढणार आहे हिच्यात?"

"दार हातात नसलं की मला गाडी चालवल्यासारखं वाटत नाही."

"मग घराच्या दारालाही एक बसवून देतो. खुर्चीत बसून पाहुणे हाकलता येतील."

"पाहुणे पुस्तक्याला बघून आपोआप जातात," ताई म्हणाली. दोघंही मोकळं हसली. मीही हसलो. त्यात खोटं काही नव्हतं.

बेत असा होता. ताईला वरच्या महामार्गावरून खिंडीपलीकडे जायचं होतं. नोकरीभर तिने खालचा घाट सांभाळला. वरचा रस्ता मिळावा म्हणून ती दर वर्षी अर्ज करायची आणि आगारप्रमुख दर वर्षी म्हणायचे, पुढच्या हिवाळ्यात बघू. प्रमुख बदलले, वाक्य तेच राहिलं. आता या वर्षाअखेरीस तिचा जड गाडीचा परवाना संपणार होता आणि तिच्या वयाला तो पुन्हा मिळत नाही. पहिला मोठा बर्फ पडला की खिंड बंद होते आणि थेट वसंतात उघडते. म्हणजे हाती उरला होता तो हिवाळ्याच्या तोंडावरचा थोडासा काळ.

तिला लांबचं अजून स्वच्छ दिसतं. अंगणाच्या टोकाला बसलेला पक्षी ती नावासकट सांगते. पण बारीक अक्षर तिला मुळीच दिसत नाही. फोनमधला आवाज रस्ता सांगतो, तो तिला नको होता. "ती बाई मला ओळखत नाही," ती म्हणायची, "मी तिचं का ऐकू?" तेव्हा नकाशा वाचायचं काम माझ्याकडे आलं. माझ्यावाचून तिचं अडावं असं आमच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं, आणि मला त्याची धास्तीच जास्त वाटत होती.

कोरडी फेरी हा ताईचाच शब्द. डोंगरातले चालक नव्या रस्त्यावर जाण्याआधी तो रस्ता उभ्या गाडीत चालवून पाहतात. इंजिन बंद, किल्ली अर्ध्यावर, म्हणजे समोरचे दिवे तेवढे लागतात. दोघांनी बेल्ट लावायचे, शेजारच्याने रस्ता वाचायचा आणि चालकाने खरोखर चालवायचं: गिअर बदलायचे, ब्रेक दाबायचे, आरशात बघायचं. पूर्ण रस्ता हातापायात उतरेपर्यंत रोज.

आमच्या रस्त्यांच्या पुस्तकात वरच्या महामार्गाचं एक पान होतं. डावीकडे रस्त्याची उभी रेघ आणि तिच्या कडेला खालून वर नव्हे तर वरून खाली, ओळीने खुणा: पूल, तीव्र डावं वळण, थांबा, चढ. ते मला सोयीचं होतं. छापखान्यात मी हेच करत आलो. एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मुद्रित तपासायचं. ओळ चुकू नये म्हणून मी पुठ्ठ्याची एक अरुंद पट्टी ओळीखाली धरायचो. ती पट्टी अजून माझ्याकडे आहे. कडा काळ्या झाल्या आहेत.

"पूल," मी वाचलं. "मग तीव्र डावं."

"किती तीव्र?"

"दोन बाण काढलेत."

ताईने गिअर खाली घेतला. स्टिअरिंग सावकाश, दोन्ही हातांनी, जणू जड दाराची कडी फिरवतेय असं वळवलं. खांदा उजवीकडे झुकला. आणि माझाही झुकला. मला वाटलं मी तिची नक्कल करतोय.

तिला असं चालवताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिच्या बसमध्ये मी लाजून कायम शेवटच्या सीटवर बसायचो. आता जवळून बघत होतो. समोर आमच्या घराची भिंत होती, भिंतीवर वाळत घातलेलं फडकं होतं, पण तिचे डोळे त्याच्या फार पलीकडे लागलेले असायचे. वळणाआधी ती श्वास धरायची आणि वळण संपलं की सोडायची. उतारावर तिचा पाय ब्रेकवर नुसता ठेवलेला असायचा, झोपलेल्या लेकराच्या पाठीवर हात ठेवावा तसा. तिच्याबद्दल लिहिताना माझी भाषा उगाच फुगायला लागते, म्हणून सांभाळून लिहितोय. पण एवढं म्हणतोच की कोणतंही काम इतक्या आदराने करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

थोड्या दिवसांनी माझ्या कानांना दडे बसायला लागले. चढाच्या ओळी वाचताना बसायचे, उताराच्या ओळींवर कान मोकळे व्हायचे. मी ते मनावर घेतलं नाही. वाचणाऱ्या माणसाला वाचलेलं खरं वाटायला लागतं, ही माझी जुनी खोड. मग एकदा ओट्यावरच्या बाटलीकडे लक्ष गेलं. आम्ही उजव्या वळणात होतो. बाटलीतलं पाणी एका बाजूला चढलं होतं आणि वळण संपेपर्यंत तसंच राहिलं.

"ताई, अंगणाला उतार आहे का?"

"असेल," ती म्हणाली. "पुढचं वाच. वळणात गप्प बसू नये."

थांबा आला की ती थांबायची. खरोखर थांबायची. हॅण्डब्रेक ओढायची, दांडा खेचून बाजूचं दार उघडायची, लांब श्वास घ्यायची आणि दार लावून घ्यायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी विचारलं की रिकाम्या थांब्यावर दार कशाला?

"रस्ता बंद होण्याआधीच्या शेवटच्या फेरीला प्रत्येक थांब्यावर दार उघडायचं असतं. कोणी दिसो, न दिसो. धुक्यात उभा असलेला माणूस आपल्याला दिसत नाही, आपले दिवे त्याला दिसत असतात. त्या फेरीनंतर सगळा हिवाळा गाडी नसते, पुस्तक्या. दार न उघडता निघून जायचं म्हणजे..." 

"आणि कोणी चढलं तर?"

"तर त्याला त्याच्या थांब्यावर उतरवायचं. तिथेच. ना आधी, ना पुढे. त्याला विचारायचं नाही, मागे वळून टक लावून बघायचं नाही. थंडीतून आलेला माणूस आधीच ओशाळलेला असतो."

मला हे फार आवडलं. मी दोन-तीनदा मनाशी म्हणून पाहिलं.

चूक झाली त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. माझी पट्टी कुठल्याशा पुस्तकात खूण म्हणून राहिली होती आणि मी नुसत्या डोळ्यांनी वाचत होतो. महामार्गावर खिंडीच्या अलीकडे एक थांबा आहे, त्याच्यापुढे छापलंय: निवारा. तिथे ताई थांबली. दार उघडलं.

आत आलेली हवा आमच्या अंगणातली नव्हती. तिला भिजलेल्या लोकरीचा आणि दगडाच्या भुकटीचा वास होता. नाकात बोचणारी, कोरडी थंडी. ताईने श्वास घेतला. आणि दार लावण्याआधी गाडी एका बाजूने जराशी खाली बसली आणि पुन्हा सावरली. बसच्या पायरीवर कोणी पाय दिला की बसते तशी.

ताईने दार लावलं. समोर लाल दिवा लागला होता.

आम्ही दोघांनी त्या दिव्याकडे पाहिलं.

"खोकं काढलंस ना?" तिने विचारलं.

"केव्हाच."

"हं. वाच पुढचं."

मी वाचलं.  उतार, डावं वळण, उतार, पूल. ताईने गिअर बदलता बदलता भुवया आकसल्या. "चढ संपला कधी? खिंड लागलीच नाही," ती म्हणाली. मी पानाकडे पाहायला लागलो तेवढ्यात अंगणाचं फाटक वाजलं. माझी भाची, ताईची मुलगी, आली होती. ताईने किल्ली काढली. दिवा विझला, आणि ती फेरी तशीच अर्धी राहिली.

घरात जाऊन पान पाहिलं तेव्हा समजलं. त्या पानावर दोन ठिकाणी निवारा छापलेलं आहे. एक खिंडीच्या अलीकडे, एक पलीकडे. माझी नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर उडाली होती. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी चूक. एकच शब्द दोन ओळींत आला की डोळा खालच्या ओळीवर उतरतो आणि मधला मजकूर गळतो. इतक्या वर्षांत दुसऱ्यांची असली चूक मी शेकड्यांनी पकडली असेल. गळलेल्या मजकुरात खिंड होती, आणि खिंडीनंतरचा एक थांबा: खाणीचा फाटा.

सकाळी चहाच्या वेळी ताईला सांगितलं. ती आधी खूप हसली. "निवाऱ्यावरून थेट निवाऱ्यावर? पंख लावून गेलो की रे आपण!"

मग हसणं थांबलं. तिने कप खाली ठेवला.

"म्हणजे फाट्यावर दार उघडलंच नाही. आणि तो दगडाच्या भुकटीचा वास खाणीचाच होता."

"आज उघडू," मी म्हणालो.

ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत बसली.

गाडीत बसून तिने किल्ली अर्ध्यावर फिरवली आणि दिवा लागला. लगेच, वाट बघत असल्यासारखा. मी वळून पाहिलं. सीट रिकामी होती. निळं कापड, त्यावर खिडकीचा उजेड. मी पट्टी ओळीखाली धरून एकेक शब्द वाचला. निवारा, चढ, खिंड. खिंडीवर माझे दोन्ही कान गच्च झाले. मग खाणीचा फाटा. ताईने गाडी थांबवली, दार उघडलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली. बाहेर आमचं अंगण होतं, पाण्याची बादली होती.

दिवा तसाच राहिला.

"उतरत नाही," मी म्हणालो. मला नुसतं दिव्याबद्दल म्हणायचं होतं.

"कसा उतरेल?" ताई हळू म्हणाली. "हे अंगण आहे. त्याचा फाटा तिकडे वर आहे."

दुपारी मी स्वतः जाऊन मिस्त्रींना घेऊन आलो. वायर कुठेतरी टेकत असणार, अशी माझी खात्री होती. किंवा असावी अशी इच्छा होती. मिस्त्रींनी सीट उचलून पाहिली, वायरी तपासल्या, यंत्र लावलं. मग सीटवर तळहात टेकवला आणि पटकन काढून घेतला. हात पँटला पुसला.

"सेन्सर ठीक आहे," ते म्हणाले. "सीटवर वजन आहे म्हणून दिवा लागतोय."

"पण सीट रिकामी आहे."

"ते मलाही दिसतंय."

एरवी चहा घेतल्याशिवाय, ताईची चार शब्दांनी खोडी काढल्याशिवाय ते जात नाहीत. त्या दिवशी हत्यारं पेटीत न लावता नुसती टाकून निघाले. फाटकाशी मात्र थांबले. "ताईला म्हणावं, बर्फात चाकांना बांधायच्या साखळ्या मी तपासल्यात," ते म्हणाले. "एकदम चोख आहेत. जायचं असेल तर लवकर जा."

त्यानंतर ताईने फेऱ्या बंद केल्या. "रस्ता पाठ झाला," म्हणाली. सामान भरायला घेतलं: फावडं, साखळ्या, घोंगड्या, पाणी, मेणबत्त्या. कपाटं लावताना ती मागच्या सीटपुढून जाताना जरा अंग चोरून जायची. टेबलाची घडी तिने उलगडून ठेवली. एकदा मी तिथे वाफाळता कप पाहिला. थोड्या वेळाने गेलो तर कप भरलेलाच होता, पण चहावर बर्फाची पातळ साय धरली होती.

रेडिओवर बर्फाची सूचना आली. परवा संध्याकाळपासून वरचा महामार्ग बंद.

भाचीने मला स्वयंपाकघरात गाठलं. "मामा, तू तरी सांग तिला. या हवेत, या वयात! मी बोलले की ती म्हणते, तू जन्मायच्या आधीपासून मी घाट चालवतेय."

"ते खरंच आहे गं."

"खरं आहे म्हणून काय झालं? तू नाही म्हणालास तर ती जाऊच शकत नाही. तिला ते पान वाचता येत नाही. सगळं तुझ्या हातात आहे." तिचे डोळे भरून आले होते. "मला आई हवीय रे, मामा. फोटोला हार नकोय."

मी तिला शब्द दिला. मला तो द्यायचाच होता, कारण मी रात्री नीट झोपत नव्हतो, आणि खिडकीबाहेरच्या त्या पांढऱ्या भिंतीकडे मला बघवत नव्हतं.

तसाच गाडीकडे गेलो.

आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी होती. ताई मागच्या सीटच्या हातावर घोंगडी घडी करून ठेवत होती.

"ताई," मी म्हणालो, "मला वाटतं, या वर्षी राहू दे."

तिने वर पाहिलं नाही. "मग कधी?"

"नंतर. वसंतात."

"वसंतात माझ्याकडे परवाना नसेल."

"दुसरं कोणी चालवेल."

"दुसऱ्याच्या गाडीत नाही चढलेला तो. आपल्या गाडीत चढलाय. मी दार उघडलं म्हणून चढलाय." घोंगडीची कड तिने सरळ केली. "खिंड बंद झाली की सगळा हिवाळा तो इथे बसणार. अंगणात. काही न बोलता. तुला चालेल?"

मी नजर खाली वळवली.

सीटखाली पाण्याचे दोन डाग होते. बुटांच्या आकाराचे. जाड तळव्यांचे, खिळे ठोकलेले. डागांच्या कडेला अजून न वितळलेल्या बर्फाची किनार होती. शहरात त्या वर्षी बर्फाचा कणही पडला नव्हता.

दोन्ही पावलं जवळजवळ ठेवलेली. टोकं दाराकडे.

आपला थांबा चुकेल अशी भीती असलेला माणूस बसतो, तशी.

ताईने त्यांच्याखाली वर्तमानपत्र सरकवलं होतं. पाणी पसरू नये म्हणून, की पाय गारठू नयेत म्हणून, मला विचारवलं नाही.

"तुला भीती नाही वाटत?" मी कुजबुजलो.

"वाटते की. दिवा लागला तेव्हापासून वाटतेय," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. "पण चढलेल्या माणसाला कसं सांगायचं, की आता राहू दे म्हणून?"

ती माझ्याकडे बघत होती. मला वाटतं, आयुष्यात एकदाच तिने माझ्याकडे काही मागितलं आणि तेही शब्दांत नाही. मी लहान होतो तेव्हा अंधाऱ्या जिन्यात ती पुढे चालायची आणि मागे न बघता हात मागे करायची. त्या मागे केलेल्या हातासारखाच आता तिचा चेहरा होता.

"मी वाचेन," मी म्हणालो.

"पट्टी घे या वेळी."

त्या संध्याकाळी मी पट्टी पुस्तकात घातली, त्या पानावर, अगदी पहिल्या ओळीखाली. पुस्तक माझ्या सीटवर ठेवलं आणि गाडीला कुलूप लावलं. हे मला पक्कं आठवतं.

सकाळी निघालो. आभाळ खाली आलं होतं, वारा पडला होता. भाची थर्मास घेऊन आली. माझ्याशी बोलली नाही. बाजूच्या दारातून आत वाकली, थर्मास टेबलावर ठेवला आणि मागे सरताना सवयीने म्हणाली, "जरा हं."

मग थबकली. सीटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आपण कोणाला म्हणालो ते तिला कळत नव्हतं.

"जपून जा," ती म्हणाली. फाटकापर्यंत ती मागे मागे, आमच्याकडे तोंड करूनच गेली.

ताईने दांडा ओढून दार लावलं. आरसा पुसला. आम्ही दोघांनी आपापले बेल्ट लावले. किल्ली फिरवली.

लाल दिवा लागला.

आज इंजिनही सुरू झालं. गाडी थरथरली, कपाटांच्या खिट्या किणकिणल्या. ताईने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि आरशात न बघता, मागे न वळता, बसमध्ये म्हणायची त्या मोठ्या, मऊ आवाजात म्हणाली,

"बेल्ट लावून घ्या. फाटा आला की मी सांगेन."

काही क्षण नुसतं इंजिन ऐकू येत होतं.

मग मागे खटका बसला.

दिवा विझला.

ताईने मान हलवली, एका चांगल्या प्रवाशाला हलवतात तशी. गाडी फाटकाबाहेर काढली. तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. सगळी नोकरी ज्या रस्त्याची वाट पाहिली त्याच्याकडे ती निघाली होती, आणि गाडीत प्रवासी होता.

"वाच, पुस्तक्या," ती म्हणाली.

मी पुस्तक उघडलं. पट्टी पहिल्या ओळीखाली नव्हती. ती खाली सरकली होती, पहिल्या निवाऱ्याच्या खाली, खिंडीच्या खाली, आणि खाणीच्या फाट्याखाली नीट सरळ धरून ठेवली होती. मी धरतो तशी.

पट्टीच्या टोकावर अंगठ्याचा ठसा होता. रुंद, काळसर. मला आधी वाटलं माझाच असेल, छापखान्याच्या शाईचा, जुना.

मी त्यावर बोट टेकवलं. ठसा बर्फासारखा गार होता, आणि अजून ओला होता.